स्थळाचा फोटो

"डोये मिटू नको, माय. लाईट चावत नाही," असं म्हणत फोटोवाले काकाजी दिव्यापुढे स्वतःचा तळवा धरायचे. त्याची सावली समोरच्याच्या चेहऱ्यावर किती गडद पडते ते पाहायचे आणि पायानेच दिव्याचा स्टँड मागेपुढे सरकवायचे. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीतला त्यांचा स्टुडिओ म्हणजे भट्टीच होती. तरी पासपोर्टच्या फोटोला ते उजेड इतका जपून सोडत, की म्हाताऱ्याच्या गालावरचा खड्डाही नीट यायचा.

पण मुलीच्या बापाने "स्थळासाठी हाय" म्हटलं, की तळवा वगैरे काही नाही. दोन्ही दिवे थेट तोंडाशी, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. तुम्हीही तशा बसला असाल, तर पावडर वितळून गळ्यात कशी उतरते ते तुम्हाला माहीत आहे. मी सावळी नाही, चांगली काळी आहे. फोटोत मात्र पिठासारखी पांढरी. डोळे होते, भुवया होत्या, नाक उजेडात गेलं होतं.

लोणारचे पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "फोटोतली पोरगी कुठं हाय?" पोहे तसेच ठेवून ती माणसं उठली. घरचे सगळे माझ्यावरच चिडले, जणू मीच फसवलं होतं.

मी तडक स्टुडिओत गेले आणि फोटो टेबलावर आपटला. "काकाजी, लोकायनं मले खोटी ठरवलं. तुमच्या लाईटपायी."

त्यांनी फोटो उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "बस." त्यांनी दिव्यांची तोंडं पांढऱ्या भिंतीकडे वळवली, बटण खाली आणलं, तळवा धरून पाहिला. त्या फोटोत मी होते, माझ्या रंगाची, नाकासकट. तोच पाठवायचा म्हणून मी बाबांशी भांडले. तो पाहून आलेल्या पाहुण्यांच्या घरातच आज मी नांदते आहे.

थोड्याच दिवसांत स्टुडिओच्या काचेत दुसरी पांढरीफटक मुलगी लागली. माझं डोकंच फिरलं.

"आता हिले काऊन पांढरी केली, काकाजी?"

"तू एकटी भांडतं, माय. बाकीच्या पोरीयचे बाप भांडतात."

मला हसू आलं. अशा भित्र्या माणसाचा संतापही आला, आणि तो आजही येतो.

परवा ते वारले. मी काकूंना भेटायला गेले. खुर्चीवर हार घातलेला फोटो होता, घरच्यांनी मोबाईलवर उजळून घेतलेला. माझ्याहून काळा तो माणूस गोरापान झाला होता. कपाळावरच्या आठ्याही पुसल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "चांगले दिसून राह्यले ना?"

दुःखाचं घर होतं, हो म्हणायला हवं होतं. मला म्हणवलं नाही.