रजेवरचा गोलंदाज

प्रबोध गजभिये सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि तिथल्या राष्ट्रीय संघाचा गोलंदाजही. वर्षाची सगळी रजा दौऱ्यांतच संपायची. २००७ मध्ये एका श्रीमंत क्रिकेट मंडळाचा दुय्यम संघ सिंगापूरला सरावाला आला. सामन्यात प्रबोधचा खांदा दुखावला, तेव्हा पाहुण्यांच्याच फिजिओनं पट्टी बांधली.

"तुमचा फिजिओ कुठंय?" त्यानं विचारलं.

"माझी बायकोच आमची फिजिओ आहे. पण आज तिला नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात ड्यूटी आहे."

फिजिओ हसला. प्रबोधला हसू आलं नाही. समोरच्या कोवळ्या पोरांना खेळायचा पगार होता. त्याला सोमवारी ऑफिस होतं.

सामना हरल्यावर तो कर्णधार रुचिरला म्हणाला, "पुढच्या दौऱ्याला मी नाही. खेळाला कंटाळलो नाही रे, पण दमलो."

त्या दौऱ्यासाठी राखलेल्या रजेत तो नागपूरला आईकडे गेला.

"जिंकलास का?" आईनं विचारलं.

"नाही गं," म्हणत तो दुपारभर झोपला.