निऱ्यांचं छप्पर

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि शिपायासही कळविण्यात येते की, येत्या रविवारी कानोत्याच्या बंधाऱ्यावर देशाच्या स्थापत्यविद्येला नवे वळण देणारी घटना घडणार आहे. उपस्थिती सक्तीची आहे. येताना प्रत्येकाने आपापला पेला आणावा.

यातला 'शिपायासही' एवढा शब्द माझ्या पदरचा. बाकी सगळं आमच्या मोठ्या साहेबांचं. साठीच्या दशकात जयपूरला सल्लागार इंजिनिअरांची एक फर्म होती, तिथे मी ड्राफ्ट्समन होतो. दर शनिवारी चहानंतर साहेब खुर्चीतून उठत, कोटाचं बटण लावत आणि तीन गोष्टी वाचून दाखवत : फर्मने नुकतंच केलेलं काम, होणार असलेलं व्याख्यान आणि कर्मचाऱ्यांची सहल. सुरुवातीला मला वाटायचं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं नव्हतं. काम आम्ही करायचं, सहलीत ते साहेबांना समजावून सांगायचं, आणि व्याख्यान त्यांनी द्यायचं, अशी ती एकच गोष्ट होती. हे कळायला मला अण्णांचं छप्पर बघावं लागलं.

अण्णा आमचे डिझाइनर. मूळचे वाईचे, पन्नाशीच्या अलीकडचे, आवाज असा की शेजारच्या टेबलालाही अर्ज करून ऐकावा लागे. मुरलीपुऱ्याच्या बाजूला एका शेठजींना कापड छापण्याची शेड हवी होती. लांबच लांब पाट मांडायचे, मध्ये एकही खांब नको. खांबाशिवाय एवढं छप्पर तोलायचं तर स्लॅब इतका जाड होई की शेठजींनी हात जोडले. अण्णा आठवडाभर आकडेमोड करत बसले. मग एका सकाळी कागदाची घडीवर घडी घालत ऑफिसात आले. सपाट कागद दोन पुस्तकांवर ठेवला की मध्ये लोंबायचा. तोच दुमडून पन्हाळीसारखा केला की वर दौत ठेवली तरी हलायचा नाही. छप्पर तसं करायचं ठरलं. पातळ, पण घड्या घातलेलं.

ठेकेदार म्हणाला, "पंडितजी, ये छत है कि पापड़?"

छपराखालचा सेंटरिंगचा आधार काढायच्या दिवशी अण्णा टोपी सारखी करून शेडच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभे राहिले. छप्पर ज्याचं, त्यानं पहिल्यांदा त्याखाली उभं राहायचं, असा त्यांचा नेम होता. फळ्या निघाल्या, बल्ल्या निघाल्या. छप्पर तसूभर हललं नाही. मोठे साहेब त्या वेळी शेडबाहेर, सीकर रस्त्यावर गाडीत बसले होते. काच वर करून. धूळ फार होती म्हणे.

आता अण्णांची एकच इच्छा होती. फर्मच्या नकाशांवर शिक्का फर्मचा आणि सही साहेबांची. ज्याने गणित मांडलं त्याचं नाव कुठेच नाही. पण साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, की या छपरावरचं व्याख्यान अण्णा देतील. दिल्लीहून मोठे इंजिनिअर येणार होते. त्यांच्यासमोर एकदा आपलं नाव उच्चारलं जावं, बस. त्यासाठी जौहरी बाजारातल्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला होता. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "भावजी, लग्नात एवढे नटले नव्हते हो."

आता कानोता. साहेबांची रीत अशी, की कुठलंही व्याख्यान आधी सहलीत बायकामंडळींसमोर म्हणून दाखवायचं. त्यांना समजलं तर जगाला समजेल, असा सिद्धान्त. बंधाऱ्याजवळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत बाट्या भाजत होत्या. एका उलट्या घमेल्यावर अण्णांना उभं केलं. व्याख्यानाला शेठलोक येणार म्हणून भाषा हिंदी. अण्णांची हिंदी मराठीच्या कडेवर बसूनच बाहेर पडायची. घाबरले, अडखळले, पहिली पाच वाक्यं पाण्यात गेली. शेवटी त्यांची नजर वहिनींकडे गेली आणि सूर सापडला.

"एक सुबह मैं चाय पी रहा था," ते म्हणाले, "और मेरी पत्नी नौवारी पहन रही थी. कपड़ा हाथ में था तब तक ढीला. निऱ्या, मतलब चुन्नट, डाली, तो वही कपड़ा कड़क होकर खड़ा हो गया! मैंने सोचा, छत को भी निऱ्या डालेंगे."

बायका खळखळून हसल्या. वहिनींचा चेहरा शेजारच्या निखाऱ्यांसारखा झाला. "अहो, काय हे! चारचौघांत!" पण पदराआडून हसतही होत्या. साहेब तुपात बाटी कुस्करता कुस्करता थांबले. स्टेनोला म्हणाले, "लिख लो. सब लिख लो. शब्द भी इधर-उधर न हो."

स्टेनोने लिहून घेतलं. अण्णांना वाटलं, केवढा हा मान!

व्याख्यानाची छापील कार्डं आली तेव्हा वक्ता म्हणून नाव साहेबांचं होतं. अण्णा कार्ड हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्या ऑफिसला ऐकू आलं.

"भाई, व्यक्ति नहीं बोलता, फर्म बोलती है," साहेब मायेने म्हणाले. "और आपकी आवाज़ तो पहली लाइन तक भी नहीं जाती. आप आगे बैठिए ना. परिवार को भी लाइए."

अण्णा बाहेर आले, टेबलाशी बसले आणि पेन्सिलीला टोक काढू लागले. पेन्सिल संपेपर्यंत काढत राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण त्यात गंमत नाही. त्या छपराचा फोटो फर्मच्या कॅलेंडरवर आला. छपराखाली मधोमध साहेब उभे, हात मागे बांधून. तोवर छप्पर पडत नाही याची खात्री झाली होती. अण्णा सरकारी नोकरी धरून महाराष्ट्रात परतले आणि निवृत्तीपर्यंत रस्त्यांखालच्या मोऱ्या काढत राहिले. छपराला पुन्हा हात लावला नाही. कोट कुणाच्या तरी लग्नात एकदा दिसला, म्हणतात. मी त्याच फर्ममध्ये राहिलो, शनिवारी टाळ्या वाजवत. पोट असतंच.

पण व्याख्यानाची संध्याकाळ कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. सभागृह भरलेलं. पुढे दिल्लीचे इंजिनिअर, शेठजी आणि साहेबांच्या सौभाग्यवती. माहेर जोधपूरचं, जॉर्जेटची साडी, डोक्यावर पदर. नऊवारी त्यांनी आयुष्यात नेसली नव्हती. मागे लष्करातली आणि बँकेतली आमची मराठी कुटुंबं, झाडून सगळी आलेली, कारण त्यांना वाटत होतं की बोलणार अण्णा. अण्णा नवा कोट घालून खाली बघत बसलेले. शेजारी वहिनी, ठेवणीतल्या नऊवारीत.

साहेबांनी कागद वाचायला घेतला. आवाज काय सुंदर! अण्णांचं प्रत्येक वाक्य त्या आवाजात राजवाड्यातून आल्यासारखं वाटत होतं. आणि स्टेनो आज्ञाधारक. शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"एक सुबह मैं चाय पी रहा था," साहेब म्हणाले, "और मेरी पत्नी नौवारी पहन रही थी..."

साहेबांच्या सौभाग्यवतींनी मान वर केली. दिल्लीकरांनी आधी त्यांच्या जॉर्जेटकडे पाहिलं, मग हळूहळू माना वळवत सभागृहातली एकुलती एक नऊवारी शोधून काढली. साहेबांनी वाचत राहण्यापेक्षा पळून जायला हवं होतं. ते वाचत राहिले, थेट निऱ्यांपर्यंत. सभागृह इतकं शांत झालं की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आणि त्या शांततेत वहिनी अण्णांचा नवा कोट दंडाशी धरून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत वाईच्या मराठीत म्हणाल्या,

"अगंबाई! या मेल्यानं मला लुगडं नेसताना कधी पाहिलं हो?"