नान न चाखता मागितलेली सही

नारीन शहराच्या बाजारात बुरुलचाचं फोटोचं दुकान आहे. लग्न असो, बाळाचं पहिलं पाऊल असो, जुने फोटो पडद्यावर एकामागून एक सरकवायचे आणि त्यांना गाणं जोडायचं, हा तिचा धंदा. बाई जिद्दीची. पण गेल्या वर्षी तिची अशी फजिती झाली की काही विचारू नका! एका म्हाताऱ्याच्या साठीला इंटरनेटवरून चाललेल्या फोटोंचा आवाजच मध्ये बंद पडला. का? तर गाणं मालकाला न विचारता वापरलेलं. मॉस्कोत कामाला गेलेली त्याची मुलं नुसते फोटो बघत बसली. त्या दिवशी बुरुलचानं कान पकडले.

आता शनिवारी उलकानबाईंची पंचाहत्तरी होती. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, विद्यार्थी मॉस्कोपासून सोलपर्यंत पांगलेले, सगळे तिकडून बघणार. आणि बाईंना हवं होतं एकच गाणं, रोज सकाळी मुलांची रांग लागली की वर्ग ज्यावर सुरू व्हायचा ते. ते रचणारा असनाकून केव्हाच वारला. हक्क त्याच्या बायकोकडे, कानिशायिम आपाकडे, तिकडे अत-बाशी गावात.

"अगं, ते तर लोकगीत!" शेजारचा दुकानदार मुकाश हसला. "उद्या वाऱ्यालाही विचारशील, वाहू का म्हणून!"

"तू गप रे! कुणीतरी माणसानंच बांधलंय ते," ती म्हणाली, आणि गुरुवारी परवानगीचा कागद घेऊन अत-बाशीच्या व्हॅनमध्ये बसली.

आपाच्या दारात पोहोचली तेव्हा बाहेर व्हॅनवाला भोंगा वाजवत होता. आपानं नान पुढे केला. "चाख तरी, पोरी."

"नको आपा, वेळ नाही. इथे फक्त सही करा."

म्हातारीनं कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नाही करत," एवढंच म्हणाली आणि नान उचलून आत गेली.

बुरुलचा पाय आपटत व्हॅनमध्ये येऊन बसली. काय हट्टी म्हातारी! व्हॅनवाल्यानं आरशातून विचारलं, "काम झालं? नान तरी चाखलास ना?"

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. दारात आलेल्या माणसानं, मग तो शत्रू का असेना, नानचा तुकडा मोडल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, हे तिला तिच्या आजीनं तीन वर्षांची असताना शिकवलेलं. आणि ही शहाणी सहीसाठी कागद फडफडवत उभी राहिलेली! "तू जा," ती व्हॅनवाल्याला म्हणाली आणि उलट्या पावली परतली.

"आपा, चुकलं माझं. अक्कल गहाण टाकून आले होते."

"बस," आपा म्हणाली आणि नान पुन्हा पुढे केला. बुरुलचानं आधी तुकडा मोडला.

चहाच्या तिसऱ्या कपानंतर म्हातारीचं मन मोकळं झालं. "तीस वर्षं झाली बघ. प्रत्येक समारंभात वाजतं ते. निवेदक म्हणतो, लोकगीत. माझ्या माणसाचं नाव एकानंही घेतलं नाही गं. आणि विचारायला तर आजवर कुणी आलंच नाही." तिचे डोळे भरून आले. बुरुलचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपानं मग कागद ओढला आणि वळणदार अक्षरात सही केली. पैसे? नाव काढताच तिनं हात झटकला. "नाव लिहा. मोठं लिहा."

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. दुसऱ्या रांगेत कानिशायिम आपा. गाणं सुरू झालं. बुरुलचानं श्वास रोखला, एक मिनिट गेलं, दोन गेली. आवाज काही बंद पडला नाही! सोलहून कुणा विद्यार्थ्यानं लिहिलेलं पडद्यावर आलं, "बाई, आम्ही रांगेत उभे आहोत." उलकानबाई खुदकन हसल्या आणि रडल्याही. मुकाश मागच्या दाराशी तोंडात मारल्यासारखा उभा होता.

गाणं पूर्ण झालं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटलं: 'संगीत: असनाकून. परवानगी: कानिशायिम.' अख्खं सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. आपा मात्र बसूनच राहिली, तिनं बुरुलचाची बाही धरली.

"परत लाव गं, पोरी. मला काही घाई नाही."