गप्प बसलेले चाळीस बोर्ड

आमच्या कंपनीतल्या काकांइतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात सापडणार नाही. महाळुंग्यातलं त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर. तरी ते शिफ्टच्या पाऊण तास आधी हजर असतात, कारण वाटेत काहीही होऊ शकतं. घरचा गॅस बंद केल्याचा फोटो ते मोबाइलवर काढून आणतात, आणि तो कालचा वाटू नये म्हणून शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरतात. बोर्डात प्रोग्रॅम भरला की तो लगेच चालवून बघतात, मग दहा मिनिटांनी पुन्हा, मग डबा खाऊन आल्यावर. आम्ही पाण्याच्या पंपांचे कंट्रोल बोर्ड बनवतो. टाकी रिकामी झाली की पंप बंद करायचा, एवढंच त्यातल्या आठ-बिट मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे एका साध्या चिपचं, काम, आणि काकांचा त्याच्यावर जीव. हिंजवडीतली माझी मैत्रीण कसल्या भारी प्रोसेसरवर काम करते हे मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "त्याला लई येतंय, म्हणून त्यो कुठंबी चुकंल. ह्याला थोडंच येतंय. आपल्याला झोप लागती."

मी तेव्हा प्रोबेशनवर होते आणि दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलत असे. एक बॅच माझ्यामुळे आधीच उशिरा गेली होती. आणखी एक चूक झाली तर घरी बसावं लागेल, असं मॅनेजर सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या शनिवारी चाळीस बोर्ड घेऊन टेम्पो पाचला निघणार होता. चिप ज्या तालावर चालते ते क्लॉकचे ठोके तिला आतून मिळणार की बाहेरून, हे प्रोग्रॅम भरताना सांगावं लागतं. आमच्या बोर्डावर बाहेरचा क्लॉक नाहीच. कॉलेजच्या सवयीनं मी 'बाहेरचा' निवडला, आणि वेळ वाचवायला एकही बोर्ड मध्ये चालवून न बघता चाळीसही भरले. ते सगळे न येणाऱ्या ठोक्याची वाट बघत गप्प बसले. ठोक्यांशिवाय ते दुरुस्त केलेली सेटिंगही घेईनात. मी कुणाला काही न सांगता केबल बदलत राहिले.

काका शेजारी येऊन उभे राहिले. ते आता घाबरतील, या विचारानं मला रडू यायला लागलं. पण त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली. "चिपा मेल्या न्हाईत गं. थांबल्यात नुसत्या." एका सुट्या चिपमध्ये त्यांनी फक्त ठोके देणारा प्रोग्रॅम भरला, तिची वायर माझ्या बोर्डावर टेकवली, आणि तेवढ्या उसन्या ठोक्यांवर मला सेटिंग बदलायला लावली. बोर्ड जागा झाला. असं चाळीस वेळा. टेम्पो सव्वासहाला सुटला.

उशीर का, असं सरांनी विचारल्यावर काका म्हणाले, "सेटिंग माझ्याकडनं चुकली." सर हसले. वय झालं काका, म्हणाले. मी तिथेच उभी होते.

मला कायम केलं. आणि काकांच्या प्रत्येक बोर्डावर दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करायची, असा नियम निघाला. ती सही माझी असते. मी नुसती सही करायला गेले की ते रागावतात: "बघून कर. माणूस हाय, चुकंल." मी बघते. अजून एकही चूक सापडलेली नाही. मार्चमध्ये ते निवृत्त होतील. त्या शनिवारबद्दल सरांना सांगायचं वाक्य मी इंग्रजीत तयार केलंय, मराठीतही. रोज केबिनच्या दारापर्यंत ते घेऊन जाते.