दुसरं व्हायोलिन

माणिकपूरला आमच्या इमारतीमागे केळीची एक छोटी वाडी अजून उरली आहे. तिथला म्हातारा संध्याकाळी पाण्याची मोटर बंद करतो, ओले हात बनियनला पुसतो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून व्हायोलिन वाजवतो. थोडं वाजवतो, गज उचलून थांबतो, मान डोलावतो आणि पुन्हा सुरू करतो. वयामुळे विसरत असेल, असं मी बाल्कनीतून ठरवूनच टाकलं होतं.

एकदा केळी घ्यायला गेलो तेव्हा विचारलंच, "काका, मधेच का थांबता?"

"माझं दुसरं व्हायोलिन," तो म्हणाला. "चर्चच्या कॉयरमध्ये पहिलं माझा दोस्त वाजवायचा. तो वारला. त्याची जागा आली की मी थांबतो."

"मग त्याचंही तुम्हीच वाजवा की!"

"छे! ते त्याचं. मी थांबलो की तो ऐकू येतो मला. रोज नाय बसलो, तर आमची भेट कशी व्हायची?"

त्यानं दोन केळी जास्तीची दिली आणि पुन्हा गज उचलला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. उपकार मात्र रोज आठवतात.

बायको गेल्यापासून माझा तबला कपाटावर पडून होता. गाणारीच नाही तर वाजवायचं कुणासाठी, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्या संध्याकाळी तो खाली काढला, धूळ पुसली आणि तिच्या आवडत्या भजनाचा ठेका धरला.

पहिल्या अंतऱ्यानंतर ती नेहमीसारखीच समेवर उशिरा आली. मी सांभाळून घेतलं.