सेबियोच्या पातेल्यातली डोकी

युसेबियो दुमलावची पक्की समजूत होती की सॅमनचं तोंड बघून त्याचं गाव सांगणारा माणूस अख्ख्या अलास्कात एकच आहे, आणि तो रोज सकाळी आपल्याच आरशासमोर दाढी करतो.

नुसती समजूत नव्हती, तो तसं बोलूनही दाखवायचा. फिलिपिन्समधल्या इलोकोसहून आलेला हा गडी, आम्हां सगळ्यांचा सेबियो, तीस उन्हाळे आमच्या मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात कापणीयंत्राच्या तोंडाशी उभा होता. मासा आत सारायचा, पातं खाली यायचं, धड पुढे जायचं आणि डोकं डावीकडच्या घसरणीवरून खाली. "एवढ्यांची मुंडकी उडवलीत मी," तो म्हणायचा, "की वर गेल्यावर स्वर्गाचा दारवान सेंट पीटर मला दारातच उभं करणार. तोही कोळीच होता, त्याला सगळं कळणार."

"कळलं तर बरंच," पलीकडच्या धुण्याच्या टेबलावरून सेलिना म्हणायची. "निदान वर तरी कुणी तुझी बडबड खरी-खोटी करून बघेल."

सेलिना त्लिंगिट, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली बाई, कुसा तलावाकाठच्या गावची. सेबियोच्याच वयाची. बावीस वर्षं दोघं शेजारी उभे राहून मासळी साफ करत होते आणि एकमेकांची सालटी काढत होते. पण चौऱ्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात तिची जीभ जरा कमी चालायला लागली होती. तिच्या गावची मासळी धुरावर सुकवायची धुरीघरं दोन वर्षं रिकामी होती. तलावात मासळी चढतच नव्हती.

कारण कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मोठ्या नदीची लाखो मासळी आणि कुसाची मूठभर मासळी एकाच वेळी सामुद्रधुनीतून जाते, आणि जाळ्याला काय डोळे असतात? सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं होतं. गावाचं मागणं एवढंच होतं की जुलैचा तिसरा आठवडा सामुद्रधुनीत जाळी टाकू नका, आमची मासळी घरी जाऊ द्या. त्यावर सरकारच्या मासेमारी खात्याचं म्हणणं, की तुमची मासळी त्या जाळ्यात असते हे आधी दाखवा.

ते दाखवायला खात्याने बिर्गिट नावाची पोरगी पाठवली. सोबत सूक्ष्मदर्शक, बाटल्या, चिमटे. खवल्यांवरची वलयं मोजून काही निभत नव्हतं, कारण दोन्हीकडच्या मासळीची वलयं सारखीच दिसत होती. मग तिने डोक्यांना हात घातला.

"कुसाच्या पिल्लांच्या मेंदूत लहानपणीच एक बारीक जीव शिरतो," ती म्हणाली. "तो जन्मभर तिथेच राहतो. माशाला त्रास नाही, खाणाऱ्याला नाही. नदीच्या मासळीत तो जवळजवळ नसतोच. म्हणजे मेंदू बघितला की गाव कळलं."

"मेंदूत कीड घेऊन जन्मभर मजेत?" सेबियो म्हणाला. "आमचा मुकादम कुसाचाच दिसतोय मग."

सेलिना हसली, पण बिर्गिटचं काम चालूच. "मनोंग," वसतिघरातली पोरं सेबियोला थोरला भाऊ म्हणून हाक मारायची तशीच हाक मारून ती म्हणाली, "सामुद्रधुनीच्या होड्यांतली दर दहावी मासळी आली की तिचं डोकं माझ्या टोपलीत. जे दहावं येईल ते. निवडायचं नाही."

सेबियोला ते लागलंच. ज्या माणसाला नुसत्या डोळ्याने दिसतं त्याने दहापर्यंत आकडे मोजायचे आणि काचेतून बघणार ही कालची पोर! पण सेलिना त्याच्याकडे बघत होती. तिने विनवणी केली नाही, ती करणारीच नव्हती. नुसतं म्हणाली, "नीट कर रे सेबियो. यंदा नाही झालं तर पुढे विचारायला गाव राहणार नाही."

"माझ्या आईची शपथ," सेबियो म्हणाला, आणि ती खरी होती. म्हणून तर पुढचं सांगताना हसावं की रडावं कळत नाही.

झालं असं. आमच्या फिलिपिनो वसतिघरात एक रिवाज होता, सेबियोच्याही आधीपासूनचा. कारखान्याला डोकी नकोत, गोरे ती समुद्रात टाकतात. तेव्हा यंत्रावरच्या माणसाने चांगली चांगली डोकी बाजूला काढायची आणि संध्याकाळी चिंचेच्या आंबट कढात सोडायची. सिनिगांग. वर भात. यात कसली चोरी नव्हती, लपवाछपवी नव्हती. मुकादमसुद्धा कधी कधी वाडगा घेऊन यायचा. आणि चांगलं डोकं कुठलं, हे सेबियोला कुणी शिकवायला नको होतं. लहानसं, रुंद गालांचं, गालाखाली चरबीचा लोण्यासारखा थर. तसं डोकं पट्ट्यावर दिसलं की त्याचा डावा हात आपोआप पुढे जायचा. हात जायचा तेव्हा सेबियो दुसरंच काही बोलत असायचा.

बिर्गिटची टोपली भरायच्या त्या दहा दिवसांतही हात गेलाच. आधी पातेल्याचं काढून घ्यायचं, मग उरलेल्यांतून अगदी प्रामाणिकपणे दहा मोजायचे. एक चुकला तर पुन्हा एकपासून. सरकारचं काम सरकारचं, पातेल्याचं पातेल्याचं. या दोहोंचा एकमेकांशी संबंध असेल असं त्याच्या डोक्यात आलं नाही. डोकं कसलं, खोकंच ते!

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिर्गिट कागद घेऊन आली. सेलिना हातमोजे काढून उभी राहिली.

"दोनशे डोकी पाहिली," बिर्गिट म्हणाली. "तीन. फक्त तिनात सापडलं. मावशी, मला खरंच वाईट वाटतंय. पण यावरून तर तुमची मासळी या जाळ्यांत येतच नाही."

सेलिना टेबलाकडे वळली. सुरी पाण्याखाली धरली आणि धुतच राहिली.

सेबियो मात्र उसळला. "तीन? अगं, तुझ्या त्या काचेला मोतीबिंदू झालाय! रोज येतेय कुसाची मासळी. रोज! मी या डोळ्यांनी बघतोय!"

"कुठे बघताय, मनोंग? टोपलीत तर नाही."

"टोपलीत कशाला? पातेल्यात!"

शब्द बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग अक्कल आली. आमचा स्वयंपाकी बाल्दो हातातला वाडगा हळूच पाठीमागे घ्यायला लागला.

"किती?" बिर्गिटने विचारलं.

"दिवसाला... असतील पंधरा-वीस." सेबियोला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं. "चविष्ट असतात गं ती. म्हणून."

सेलिनाने सुरी खाली ठेवली. "म्हणजे माझं गाव तू कढात घालून खाल्लंस."

"हो."

"आणि मला येऊन सांगायचास, आज सिनिगांग झकास झालं होतं म्हणून."

"हो." शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, असं म्हणतात. हा तर वातडही म्हणाला नव्हता, रोज तारीफच करत होता. बोटभर चरबीसाठी बावीस वर्षांची मैत्रीण विकली, असं त्याला त्या घटकेला वाटलं.

दोनशे डोकी बाद करायची तर बिर्गिटला लेखी कारण हवं होतं. सेबियोने ते स्वतःच्या हाताने लिहिलं: मी, युसेबियो दुमलाव, वय अठ्ठावन्न, टोपली भरण्यापूर्वी उत्तम डोकी निवडून काढली आणि मित्रांसह खाल्ली. टोपलीत गेली ती नावडती. खाली सही. वसतिघरात त्या कागदाची वर्षानुवर्षं टर उडाली. कुणी वाढायला उठलं की पोरं ओरडायची, "मनोंगला आधी विचारा, हे सरकारी की खासगी!" सेबियो स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. "मी जगातला एकमेव तज्ज्ञ," तो म्हणायचा, "ज्याने पुरावा भाताबरोबर खाल्ला."

पण ते नंतरचं. त्या वेळी तिसरा आठवडा सुरू झाला होता आणि सामुद्रधुनीत जाळी पडत होती. तीन दिवस वसतिघराने डब्यातली घेवड्याची उसळ खाल्ली आणि बाल्दोने मनसोक्त शिव्या घातल्या. सेबियो दर दहावं डोकं मोजत होता, आणि लोण्यासारख्या गालांची डोकी समोरून जाताना त्याने डावा हात चक्क एप्रनच्या पट्ट्यात खोचून ठेवला होता. सेलिना शेजारीच होती. तीन दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

नव्वद डोकी. एकोणतीस कुसाची.

खात्याने सामुद्रधुनी बंद केली, पण आठवड्याचे शेवटचे चारच दिवस. पहिले तीन डब्यांत जाऊन बसले होते. ते तीन दिवस कुणी खाल्ले, हे सेबियोला कुणी सांगावं लागलं नाही.

मासळीच नाही म्हटल्यावर कारखानाही थांबला. बंदीच्या तिसऱ्या सकाळी सेलिना वसतिघराच्या दारात आली. "होडी गावाकडे चाललीय. येतोस?"

"मला मारायला नेतेस का?"

"मारायचं असतं तर इथेच मारलं असतं. चल."

तलावाच्या तोंडाशी गावाने लाकडी काठ्यांचं कुंपण घातलं होतं आणि मधे हातभर फट ठेवली होती. त्या फटीतून एक एक मासळी वर जाते आणि फळीवर बसलेला माणूस ती मोजतो. सेलिनाने आपल्या भावाला उठवलं आणि सेबियोला तिथे बसवलं.

दुपारपर्यंत काहीच नाही. मग पाणी काळवंडलं आणि ती आली. सेबियो मोठ्याने मोजायला लागला. वाकून वाकून तो तोंडं बघत होता. पण तोंड दिसायच्या आत मासळी वळायची, चमकायची, फटीतून सुटायची. लहान डोकं की मोठं, गाल रुंद की अरुंद, त्याला काही म्हणता काही कळेना. दोनशे बारावर तो मोजायचा थांबला.

"काय झालं?" काठावरून सेलिनाने विचारलं. "थांबलास का?"

सेबियोने बाहीने नाक पुसलं. "सेलिना, तीस वर्षांत मी हिला जिवंत कधी बघितलंच नव्हतं गं."

सेलिना फळीच्या कडेशी येऊन उभी राहिली.

"मग बघ आता," ती म्हणाली. "पण मोजत बघ. तीन गेल्या तेवढ्यात."

"दोनशे पंधरा," सेबियो म्हणाला. "दोनशे सोळा."