गॉजची जाळी आणि आक्काची बोटं

पन्नाशी ओलांडल्यावर माणसं बाग करतात, भजनाला जातात. मी टेबलावर लढाया करतो. टिळकवाडीत आम्ही चौघे आहोत, चौघेही चष्मेवाले. दर रविवारी एकाच्या घरी जमायचं, जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं आणि छोटे रणगाडे मांडून फासे टाकत लढायचं. सैन्यभरतीला मी तरुणपणी एकदा गेलतो. छातीच्या मापातच परत आलो. तेव्हापासूनचा राग मी प्लास्टिकच्या सैन्यावर काढत असेन, असं बायको म्हणते.

गेल्या वर्षी मी माझा सगळ्यात चांगला रणगाडा रंगवला. लांबीला चार बोटं. त्याच्यावर शत्रूला फसवणारी जाळी हवी असं डोक्यात आलं. जाळी विकत मिळते, पण मला ती स्वतः करायची होती. जखमेवर बांधतात त्या गॉजची जाळी होते असं मी कुठंतरी वाचलं होतं. गॉज चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवायचा आणि वर पानं म्हणून काहीतरी भुरभुरायचं. मी बायकोची कसुरी मेथी भुरभुरली. पहिली जाळी पापडासारखी कडक झाली. दुसरी वर्तमानपत्राला चिकटली, ती अग्रलेखासकट निघाली. तिसरी वाळली तेव्हा तिला पराठ्याचा वास येत होता.

म्हणजे रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन गॉज आणणं आलं. दुकानदार कन्नड बोलणारा, भला माणूस. एकदा त्यानं हळू आवाजात विचारलं, "हेंग अद री ईग?" आता कसं आहे, असं. मला वाटलं, माझीच खुशाली विचारतोय. मी म्हटलं, "चलो अद री." चांगलं आहे, असं. पुढचे आठ दिवस त्यानं तेच विचारलं आणि मी तेच उत्तर देऊन गॉज घेत राहिलो. इतक्या दिवसांत तो नेमकं काय विचारतोय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्याची बहीण निपाणीत आमच्या थोरल्या आक्काच्या गल्लीत दिलेली. एका शनिवारी सकाळी दारात आक्का आणि दाजी उभे. हातात मोसंब्यांची पिशवी, शहाळी. आक्कानं आधी माझे पाय बघितले, मग हात.

"कुठं लागलंय रं?"

"कुणाला?"

"तुला. दोन आठवडं झालं पट्ट्या न्हेतोयस म्हणं. साखरंनं पाय चिघळलाय म्हणत्यात."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन गेली. तिथं गोंद लागलेला गॉज, चहाची बशी आणि मेथी पसरलेली होती. मी घसा साफ करून रणगाड्याबद्दल सांगू लागलो. आक्का खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसले. ती हसत होती की रडत होती, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

दाजी मात्र हसले नाहीत. ते वीस वर्षं तोफखान्यात होते. त्यांनी रणगाडा उचलून डोळ्यांजवळ धरला.

"ही जाळी हाय व्हय? ही तर अंगाला चिकटलीया."

"मग कशी पाहिजे?"

"अंग झाकायचं न्हाय. आकार मोडायचा. खाली काठ्या लावून उचलून धरायची, म्हंजी सावली फुटती."

त्यांनी केरसुणीच्या काड्या मागितल्या. आक्कानं नवा गॉज पुढं ओढला. तिनं निपाणीत तीस वर्षं विड्या वळल्या आहेत. "दे ती कात्री हिकडं," म्हणाली. बायकोच्या जुन्या हिरव्या परकरातून दोऱ्यासारख्या बारीक चिंध्या कापून ती गॉजच्या एकेका भोकातून ओवून गाठ मारत गेली. बोलत होती बायकोशी, हाताकडं बघतही नव्हती. मला दोन आठवडे न जमलेली जाळी चहा उकळेपर्यंत तयार झाली. दाजींनी काड्यांवर ती ताणली. रणगाडा खरोखर दिसेनासा झाला. मी गोंदाची बाटली धरून उभा होतो, माझं योगदान तेवढंच.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी तो रुबाबात टेबलावर मांडला. समोर आमच्या चौघांतले दाताचे डॉक्टर होते. "तिथं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"झुडूप," मी म्हटलं.

सगळं टेबल सपाट माळ आणि मधोमध एकच झुडूप. त्यांनी फासे टाकले आणि पहिल्याच फेरीत माझा रणगाडा गेला. संध्याकाळी दाजींना फोनवर हे सांगितलं.

"माळावर कुणी सांगितलीती लावायला?" एवढंच म्हणाले.

पण हरलो तरी ती जाळी तिघांनीही भिंगाखाली धरून पाहिली. डॉक्टरांनी आक्काचा नंबर मागून घेतला. आता निपाणीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरबरोबर महिन्या-दोन महिन्यांनी मिठाईच्या डब्यात जाळ्या येतात. वाळवंटासाठी पिवळट, जंगलासाठी गर्द, सोबत दाजींच्या अक्षरात कुठं कशी लावायची त्याच्या सूचना. तिघे मित्र आक्काशी परस्पर बोलतात, रंग ठरवतात, तिची तब्येत विचारतात. स्टँडवर जाऊन डबा उतरवून घ्यायचं काम तेवढं माझ्याकडं आहे. गेल्या खेपेला त्यात माझ्यासाठी जाळी नव्हती.

"तुला नंतर करती," आक्का म्हणाली. "डाक्टरांची आधी पाहिजे."